फ्युरिकचा वळसा

अमेरिकन गोल्फपटू जिम फ्युरिकचा स्विंग, म्हणजे चेंडू मारताना काठी फिरवण्याची ढब, पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस गोल्फ शिकला तरी कुठे? क्लब, म्हणजे गोल्फची काठी, तो जवळजवळ सरळ उभा वर उचलतो आणि खाली आणताना पाठीमागून भलामोठा वळसा घालतो. याच स्विंगवर त्याने २००३ ची यूएस ओपन जिंकली. २०१६ मध्ये तर त्याने अठरा होल ५८ फटक्यांत संपवले; त्याआधी पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत ५९ च्या खाली कुणीच गेलं नव्हतं. त्याचे एकमेव कोच म्हणजे त्याचे वडील, माइक. तो वळसा सरळ करण्याच्या मागे ते लागले नाहीत, याचं मला लेकाच्या विजयाइतकंच कौतुक वाटतं. कारण प्रश्न जुनाच आहे: कोचने स्विंग आदर्शासारखा दिसतो का ते पाहावं, की चेंडू कसा जातो तो निकाल?

क्लब आणि चेंडू एकमेकांना भिडतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. त्या क्षणी क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, कुठे वळलंय, क्लब कुठून आणि किती वेगाने येतोय, चेंडू तोंडावर नेमका कुठे लागतोय, यावरच सगळं ठरतं. आधी कोपर कुठे होतं, याचा चेंडूला पत्ताच नसतो.

१९२० च्या दशकात मॉस्कोत शरीराच्या हालचालींचे अभ्यासक निकोलाय बर्नस्टाइन यांनी हातोडी चालवणाऱ्या कामगारांच्या हालचाली टिपल्या. सराईत कामगाराचेही खांदा आणि कोपर दर घावाला थोडे वेगळे हलत. हातोडीचं टोक मात्र त्यामानाने ठरल्या वाटेनेच जाई. एका सांध्याची चूक दुसरा सांधा भरून काढत होता.

शिवाय आदर्शही चुकतात. चेंडू क्लबच्या वाटेने सुटतो, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. रडारने मोजल्यावर दिसलं की तो मुख्यतः क्लबचं तोंड असेल त्या दिशेने सुटतो.

नवशिक्याला पकड आणि उभं राहणं कुणीतरी दाखवावंच लागतं. कंबर दुखायला लागली तर चेंडू कितीही सरळ जावो, स्विंग बदलायलाच हवा. एरवी मी निकालाच्या बाजूने आहे. पण एक फटका चांगला बसला म्हणजे निकाल नव्हे. क्लबच्या तोंडावर पायाच्या पावडरचा स्प्रे मारा, की प्रत्येक चेंडूचा गोल ठसा उमटतो. एकाच क्लबने दहा चेंडू मारा, ठसे पाहा, पुसा, पुन्हा दहा मारा. ठसे दर वेळी मधोमध दाटीने पडत असतील, चेंडूही जवळजवळ पडत असतील आणि तरी कोच तुमचं कोपर हलवायला निघाला असेल, तर कारण विचारा.