किमान क्षमतांपासून अध्ययन निष्पत्तींपर्यंत

बालभारतीचे अलीकडचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, की सुरुवातीच्या पानांत दोन रकान्यांचा एक तक्ता दिसतो. डावीकडे वर्गात मुलांकडून काय काय करून घ्यावे याच्या सूचना असतात. उजवीकडे त्यातून मुलाला काय यायला हवे याची यादी असते आणि प्रत्येक विधानाला सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. ही यादी म्हणजे अध्ययन निष्पत्ती. पालक हे पान सहसा न वाचताच उलटतात. शिक्षकाला तसे करता येत नाही. वार्षिक नियोजन, पाठ टाचण, चाचणीचा आराखडा, राष्ट्रीय सर्वेक्षण, सगळीकडे तेच क्रमांक त्याच्यासमोर येतात. या तक्त्यामागे किमान तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते: उजवा रकाना टिकतो, डावा गळून पडतो.

कोणत्या इयत्तेत किती यावे हा प्रश्न अर्थातच त्याहून जुना आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. इंग्लंडमध्ये ती १८६२ पासून सुरू झाली होती. निरीक्षक यायचा, मुलांना वाचायला लावायचा, गणिते घालायचा आणि किती मुले उत्तीर्ण झाली यावर शाळेचे पैसे ठरायचे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बारा वर्षे वयापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच निवेदनात मुलांना काय शिकवावे याचीही यादी होती: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही पाठ. शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती शाळेतून नेमके काय पडावे, याचा इतका थेट विचार त्या काळच्या सरकारी कागदांत क्वचितच सापडतो.

पुढे वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने सात वर्षांच्या मूलोद्योगी, म्हणजे हस्तोद्योगातून दिल्या जाणाऱ्या शिक्षणाचा अभ्यासक्रम आखला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) देशभरच्या शैक्षणिक दर्जाचा प्रश्न सविस्तर मांडला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. महाराष्ट्रात मात्र २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाल्यावर व्यवहारातला निकष झाले ते पाठ्यपुस्तक. पुस्तक संपले म्हणजे वर्षाचे काम झाले. मुलाला किती आले, हा प्रश्न वार्षिक परीक्षेवर सोपवलेला असे. परीक्षेत नापास झालेले मूल त्याच वर्गात बसे किंवा शाळा सोडून गुरांमागे जाई.

हे चित्र बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून झाला. नुसता पट वाढवून भागणार नाही, प्रत्येक मुलाने किमान पातळीपर्यंत शिकले पाहिजे, असे त्या धोरणाने म्हटले. त्याच सुमारास खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे आवश्यक साहित्य मिळावे, हा तिचा हेतू. एका हाताने अपेक्षा आणि दुसऱ्या हाताने साधने, अशी ही जोडी होती. ती नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या दस्तऐवजांत ती दोन्ही एकत्र क्वचितच येतात.

१९९० मध्ये रवींद्र ह. दवे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९१ मध्ये तिचा ‘किमान अध्ययन पातळ्यां’चा अहवाल आला. पहिली ते पाचवीसाठी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांत मुलाला काय यायला हवे, हे त्यात इयत्तावार, क्रमांक देऊन लिहिले होते. दवे यांनी शिकागो विद्यापीठात बेंजामिन ब्लूम यांच्याकडे संशोधन केले होते. ब्लूम स्वतः १९५७ मध्ये भारतात येऊन मूल्यमापनाच्या कार्यशाळा घेऊन गेले होते. पुरेसा वेळ आणि योग्य मदत मिळाली तर जवळपास सगळी मुले अपेक्षित ते शिकू शकतात, हा ब्लूम यांचा प्रभुत्व अध्ययनाचा सिद्धांत या अहवालाच्या मुळाशी आहे. वर्गातल्या निदान ८० टक्के मुलांनी निदान ८० टक्के क्षमता (म्हणजे त्या यादीतल्या अपेक्षा) मिळवाव्यात, ही त्या काळी घरोघरच्या गुरुजींच्या तोंडी बसलेली कसोटी तिथूनच आली.

महाराष्ट्रात १९९५ चा प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम याच विचाराने तयार झाला. शिक्षकांना राज्यभर ‘स्मार्ट पीटी’ या नावाने प्रशिक्षण मिळाले. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, धाराशिव आणि परभणी या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम १९९४ पासून आला आणि शैक्षणिक साहित्य, गटसंमेलने, केंद्रप्रमुखांच्या भेटी हे सगळे त्याबरोबर आले. ज्या शिक्षकांनी ही वर्षे पाहिली ते आजही ‘क्षमता’ हाच शब्द वापरतात.

१९९१ च्या त्या अहवालावर पुढे खूप टीका झाली आणि ती बरीचशी खरी होती. पण त्याचे एक श्रेय काढून घेता येत नाही. ‘तिसरीचे गणित झाले’ या मोघम वाक्याच्या जागी ‘तीन अंकी संख्यांची हातच्याची बेरीज येते का?’ असा तपासता येणारा प्रश्न पहिल्यांदा प्रत्येक खेड्यातल्या शिक्षकाच्या हाती आला. शहरातली खासगी शाळा आणि पाड्यावरची एकशिक्षकी शाळा यांच्याकडून सारखीच किमान अपेक्षा ठेवली गेली. हे समतेचे पाऊल होते.

बिघडले ते पुढे. क्षमतांना क्रमांक होते म्हणून नोंदवह्यांना रकाने आले, रकाने आले म्हणून रोज खुणा करणे आले. एक तास, एक क्षमता, एक खूण. गणितात हे काही प्रमाणात चालूनही जाते, कारण बेरीज आल्याशिवाय गुणाकार नीट उमगत नाही. भाषेत मात्र ते मोडते. ऐकणे, बोलणे, वाचणे, कल्पना समजणे, व्याकरण, शब्दसंपत्ती अशा वेगवेगळ्या खणांत भाषा विभागली, की गोष्ट ऐकून हसणारे, मध्येच प्रश्न विचारणारे आणि घरी जाऊन तीच गोष्ट आजीला सांगणारे मूल कोणत्या खणात बसवायचे, हे शिक्षकाला कळेनासे होते. १९९३ च्या यशपाल समितीने तर दप्तरापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असते, हा मुद्दा ठामपणे मांडला. ब्लूम यांच्या सिद्धांतातला ‘पुरेसा वेळ आणि योग्य मदत’ हा अर्धा भाग तर नोंदवहीत कुठेच नव्हता. ८० टक्के उरले, वेळ गेला.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९९४ च्या ‘गोल्स २०००’ कायद्यात विद्यार्थ्यांकडून अपेक्षित मानकांबरोबर ‘शिकण्याच्या संधीची मानके’ही होती. शाळेला पुरेसे शिक्षक, पुस्तके, प्रशिक्षण आहे का हे आधी पाहावे, असा त्यामागचा विचार होता. तो भाग ऐच्छिक ठेवला गेला आणि दोनच वर्षांत वगळण्यात आला. २००२ चा ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा आला तेव्हा दरवर्षीच्या चाचण्या आणि शाळांवरची कारवाई एवढेच ठळकपणे पुढे उरले.

आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दिशा बदलली. मूल स्वतः ज्ञान रचते, शिक्षक त्याला मदत करतो, ही ज्ञानरचनावादी भूमिका त्याने घेतली. किमान पातळ्यांची भाषा मागे पडली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय झाला. आकारिक (शिकता-शिकता होणारे) आणि संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापन, श्रेणी, वर्णनात्मक नोंदी ही शब्दावली तेव्हापासूनची. राज्याचा स्वतःचा अभ्यासक्रम आराखडा २०१० मध्ये आणि त्यावर आधारित प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम २०१२ मध्ये आला.

मला या टप्प्याबद्दल मनापासून वाईट वाटते. मूल वर्षभर पाहावे, त्याच्याबद्दल दोन खरी वाक्ये लिहावीत आणि त्यावरून उद्याचा तास ठरवावा, इतकी साधी आणि सुंदर कल्पना होती ही. पण चाळीस मुले, सगळे विषय आणि दोन सत्रे यांच्या नोंदी लिहिण्याचा वेळ कोणी हिशेबात धरला नाही. बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तके आली, मग त्या नोंदी मोबाइलवर फिरू लागल्या. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ वाचले तर शिक्षकाने अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करावा असे ते म्हणते आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करावे असेही म्हणते. जून ते एप्रिलच्या एकाच वेळापत्रकात ही दोन कर्तव्ये एकमेकांवर आदळतात. तपासणीला येणारा अधिकारी पहिल्याबद्दल विचारतो.

दरम्यान २००५ पासून ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल दरवर्षी एक साधा प्रश्न विचारू लागला होता: मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो का? ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २०१८ मध्ये २७.३ टक्के मुलांना तो वाचता आला, कोरोनानंतर २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांना. २००५ पासून येत राहिलेल्या अशा आकड्यांच्या दबावाखाली मानकांची भाषा परत आली. महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले, पायाभूत चाचण्या झाल्या. त्या काळात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (शाळा तपासणीच्या एका विभागाच्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात. तिथे मुले जमिनीवर बसून काड्यांचे गठ्ठे बांधत, सुटे आणि दशक हाताने मोजत. अपेक्षेचा आणि पद्धतीचा मेळ शिक्षकांनी स्वतः घातल्याचे ते उदाहरण होते. अनेक ठिकाणी मात्र त्यातली जमिनीवर रंगवलेली चित्रे तेवढी उचलली गेली, मुलांना गठ्ठे बांधायला लागणारा वेळ नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत बदल होऊन इयत्तावार, विषयवार अध्ययन निष्पत्ती बंधनकारक झाल्या आणि एनसीईआरटीने, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, त्यांचा दस्तऐवज काढला. १९९१ च्या टीकेतून काही शिकल्याच्या खुणा त्यात दिसतात. निष्पत्तींच्या शेजारी अध्यापन प्रक्रिया ठेवल्या आणि एका निष्पत्तीला एकच प्रक्रिया असे जोडू नये, असे स्पष्ट सांगितले. समावेशक वर्गासाठी सूचना दिल्या. हाच तक्ता आता आपल्या पुस्तकांत आहे. पण त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला तिसरी, पाचवी आणि आठवीच्या सुमारे २२ लाख मुलांचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले आणि प्रश्न निष्पत्तींवर होते. जिल्ह्याची टक्केवारी निष्पत्तीच्या क्रमांकासह छापली गेली. तेव्हापासून सर्वेक्षण जवळ आले, की कमी पडलेल्या क्रमांकांच्या सराव प्रश्नपत्रिका शाळेत येतात. डाव्या रकान्याची सराव प्रश्नपत्रिका निघत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ५ जुलै २०२१ रोजी पायाभूत वाचन आणि गणितासाठी ‘निपुण भारत’ अभियान आले. तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, अशी त्यातली उद्दिष्टे आहेत. शब्दांच्या वेगाबद्दल मराठी शिक्षकांनी सावध राहायला हवे. ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द मोजला जातो. विभक्ती, शब्दयोगी अव्यये आणि जोडाक्षरे यांमुळे एकच आकडा सगळ्या भाषांना लावणे अन्यायाचे ठरते. मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास वीस भाषांत झाला, त्यात मराठीही होती आणि वाचनाच्या पातळ्या भाषेनुसार वेगळ्या ठरवल्या गेल्या, हे योग्यच झाले. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी बोलत शाळेत आलेल्या मुलाचे मराठी वाचन मात्र तिसरीत त्याच मापाने मोजले जाते.

शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा २०२३ मध्ये आणि राज्याचा आराखडा २०२४ मध्ये आला. अभ्यासक्रमाची ध्येये, त्याखाली क्षमता, त्याखाली निष्पत्ती अशी नवी उतरंड आता लागू होत आहे. ती लागू करणाऱ्या १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयावर राज्यात जोरदार वाद झाला तो पहिलीपासूनच्या हिंदीवर, आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. तो वाद व्हायलाच हवा होता. पण पहिली-दुसरीच्या मुलाकडून मराठीत आणि गणितात काय अपेक्षित आहे आणि त्यासाठी रोज किती वेळ राखून ठेवला आहे, ही पाने त्या गदारोळात फारशी कोणी उघडली नाहीत.

त्याआधी, शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीचा आधार घेऊन, राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्ण मुलाला जादा अध्यापन देऊन निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यावी, तरीही उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्गात ठेवता येते, असे कायदा सांगतो. निकाल आणि पुनर्परीक्षा यांच्या मध्ये येते ती उन्हाळ्याची सुटी. जादा अध्यापन या दोन शब्दांसाठी शिक्षक, जागा आणि तास मे महिन्यात कोण पुरवणार, हे प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने आतापासूनच विचारायला हवे.