अशक्तपणा आणि आत्मपरीक्षण : करिंथपासून केडगावपर्यंतची पार्श्वभूमी

उपासकाळात (ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत) किंवा प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आधीच्या आठवड्यात मंडळीला (चर्चच्या लोकांना) आत्मपरीक्षण करायला सांगितले जाते. बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर मी पापी आहे असे मोघम म्हणून मोकळे होतात, नाही तर एकेक चूक उकरून काढत स्वतःला पार खचवून टाकतात. दोन्ही प्रकार जुने आहेत, आणि त्यांच्यावरचे उपायही चर्चच्या इतिहासात बरेच सोसून सापडलेले आहेत.

सुरुवात ग्रीसमधल्या करिंथ शहरातून करावी लागते. इसवी सन 55 च्या सुमारास ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने तिथल्या मंडळीला, आज बायबलमध्ये असलेले, पहिले पत्र लिहिले. त्याच्या 11 व्या अध्यायात, भाकर खाण्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे तो सांगतो. ही आज्ञा नेहमी सुटी वाचली जाते. पण वरच्या ओळींत प्रसंग स्पष्ट आहे : सधन लोक आपले जेवण आधीच उरकत, कोणी पिऊन तर्र होई आणि ज्यांच्याकडे काही नसे ते उपाशी राहत. म्हणजे परीक्षेचा पहिला प्रश्न मनातल्या सूक्ष्म भावनांचा नव्हता. शेजारी बसलेल्या गरीब भावाला आपण कसे वागवले, हा होता. आजही परीक्षणाला बसताना हा प्रश्न पहिला घ्यावा.

दुसऱ्या पत्रापर्यंत वातावरण बिघडले होते. पौलाची पत्रे वजनदार, पण प्रत्यक्षात माणूस दुबळा आणि बोलणे टाकाऊ, अशी टीका करिंथमध्ये चालू होती (10:10). त्याला तो स्वतःची थोरवी सांगून उत्तर देत नाही. दिमिष्कातून (दमास्कस शहरातून) टोपलीत बसून तटाच्या खिडकीतून खाली उतरवले गेल्याची हकिकत तो सांगतो. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला मुकुट मिळत असे; पौल मिरवतो ते तटावरून खाली उतरून पळाल्याचे. मग 12 व्या अध्यायात ‘देहातला काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारी व्यथा, येते. तो काटा म्हणजे नेमके काय, हे पौल सांगत नाही. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, आणि प्रभूकडून उत्तर मिळाले की कृपा पुरेशी आहे, शक्ती अशक्तपणातच पूर्णतेस येते.

यातले दोन तपशील हातचे सुटू देऊ नयेत. काटा हे पाप नव्हे, म्हणून रागीटपणा किंवा खोटेपणा यांना ‘माझा काटा’ म्हणून पाठीशी घालता येत नाही. आणि पौलाने आधी तीनदा सुटका मागितली. आजारी माणसाला औषधापासून किंवा मार खाणाऱ्या बाईला मदतीपासून रोखण्यासाठी हे वचन वापरणे म्हणजे पौलाच्या शब्दांवर अन्याय आहे.

पुढच्या शतकांत परीक्षणाला शिस्त आली. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या संन्याशाने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (रोममधल्या चर्चच्या सभेने) वर्षातून किमान एकदा पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, सक्तीचे केले. नियम आला तशी धास्तीही वाढली : एखादे पाप सांगायचे राहिले तर? जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात, पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणारा तरुण मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापे कबूल करी आणि उठल्यावर आणखी आठवत. त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्झ त्याला पुन्हा पुन्हा ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगत.

त्याच दुखण्यातून, पुढे जेझुइट संघ स्थापणारा स्पॅनिश सैनिक इग्नेशियस लोयोला गेला. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. बरे झाल्यावर स्पेनमधल्या माँत्सेरातच्या मठात तीन दिवस लावून त्याने आयुष्यभराची पापे लिहून कबूल केली. तरी 1522 मध्ये जवळच्या मान्रेसा गावात शंकांनी त्याला इतके पोखरले की जीव द्यावा असे वाटू लागले. त्याने आठवडाभर अन्नपाणी सोडले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने उपास मोडायला लावला. शेवटी कबूल केलेली जुनी पापे पुन्हा उगाळायची नाहीत, असे त्याने ठरवले.

1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या साधनाग्रंथात हे सगळे मुरलेले दिसते. दैनिक परीक्षणाच्या पाच पायऱ्यांचा क्रम असा : आधी मिळालेल्या कृपांबद्दल आभार, मग स्वतःचे पाप ओळखण्यासाठी प्रकाश मागणे, मग उठल्यापासूनचा हिशेब तासातासाने, आधी विचार, मग शब्द, मग कृती, नंतर क्षमायाचना, आणि शेवटी सुधारणेचा निश्चय. आभार पहिले आहेत ते उगाच नाही. ती पायरी गाळली की तिसरी पायरी माणसाला गिळते.

मोघमपणावरचा त्याच ग्रंथातला उपाय वेगळा. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याची आठवण ठेवायची, दुपारी आणि रात्री हिशेब घ्यायचा. वहीत रोजच्या दोन ओळी, प्रत्येक चुकीला एक ठिपका. दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी ताडायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. सगळे दोष एकदम धरले तर एकही सुटत नाही. मन कोरडे आणि उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये, हाही इग्नेशियसचाच नियम.

1738 च्या नाताळच्या दिवशी मेथडिस्ट चळवळीचा इंग्रज प्रणेता जॉन वेस्ली याने लहान गटांसाठी नियम लिहिले. दर आठवड्याला एकमेकांना विचारायचे : मागच्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली. यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात देवाच्या कामाचीही नोंद होते. असे गट बिघडतात ते एकाच कारणाने : आतले बोलणे बाहेर जाते.

मराठी मुलखात ही वाट अनोळखी नव्हती. देवापुढे आपले दोष उघडे करणारे तुकोबांचे अभंग लोकांच्या तोंडी होते, आणि ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून मिळालेला नाही, हे त्यांना पुढे काही वर्षांनी कळून आले, आणि आपल्या विश्वासाच्या प्रवासाविषयी 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी ते लपवले नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या, नावाजलेल्या बाईने हे लिहिणे सोपे नव्हते. जून 1905 मध्ये पुण्याजवळच्या केडगावात, रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये, मुली रडत आपली पापे उघड कबूल करू लागल्या. त्या धार्मिक जागृतीनंतर मुलींचे गट आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागले. त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळातून वाचवलेल्या होत्या.