तातडीच्या शस्त्रक्रियेनंतरचे मानसिक सावरणे

अचानक उद्भवलेल्या आजारामुळे किंवा अपघातामुळे काही तासांतच कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेचा धक्का पचवून रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय पुन्हा स्थिरावण्याची प्रक्रिया. फुटलेले अपेंडिक्स, आतड्याला पडलेले छिद्र, अडकलेला हर्निया, गर्भनलिकेतील गर्भधारणा, ऐन वेळी करावे लागलेले सिझेरियन हे असे काही नेहमीचे प्रसंग होत. नियोजित शस्त्रक्रियेत तारीख ठरते, रजा टाकली जाते, घरची व्यवस्था लागते आणि त्या ओघात मनाचीही तयारी होते. तातडीच्या शस्त्रक्रियेत हे सारे राहून जाते आणि मन ते काम मागाहून, बहुधा घरी परतल्यावर, करू लागते. म्हणूनच रुग्णालयात शांत असलेला माणूस घरी आल्यावर रडू लागला, चिडचिडा झाला किंवा रात्री दचकून उठू लागला, तर ते दुबळेपणाचे लक्षण मानू नये.

भूल, तीव्र वेदना आणि औषधे यांमुळे त्या काळातील आठवणी तुटक राहतात आणि रिकाम्या जागा भीती भरून काढते. डिस्चार्ज कार्ड बहुतेक वेळा इंग्रजीत, संक्षिप्त अक्षरांत लिहिलेले असते. टाके काढायला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि नेमके काय झाले होते, काय केले, यापुढे कोणत्या लक्षणांची काळजी करायची व कोणत्या नाही, हे शल्यचिकित्सकांकडून मराठीत समजून घ्यावे. पोटात जरा दुखले तरी ‘पुन्हा तेच’ असे वाटण्याची धास्ती यामुळे बरीच कमी होते. काही वृद्धांमध्ये पहिल्या काही दिवसांत वेळ-स्थळाचे भान सुटते, असंबद्ध बोलणे होते. ही शारीरिक कारणांनी येणारी भ्रमावस्था असून ती डॉक्टरांना लगेच सांगणे आवश्यक असते.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘सीपीआर’मध्ये, तसेच शहरातील खासगी रुग्णालयांत गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी अशा दूरच्या तालुक्यांतूनही रुग्ण येतात. गावाकडचे आप्त शहाळी, बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येतात. ही माया मोठा आधार असते. मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सारी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागणे रुग्णाला थकवते. धक्क्यानंतर लगेच माणसाला सारे बोलून टाकायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही, असे संशोधनातून दिसून आले आहे. बोलायचे की नाही, हे रुग्णाने ठरवावे आणि पाहुण्यांना माहिती घरातल्या एकाने द्यावी. ‘जीव वाचला, आता कशाला रडायचं?’ हे वाक्य प्रेमापोटी येते, तरी त्याने दुःख संपत नाही, फक्त मुके होते.

कामाचा प्रश्न याहून अवघड आहे. वजन उचलू नये, असे सांगितल्यावर जिच्या अंगावर म्हशींच्या धारा, वैरण आणि शेण काढणे असते, त्या बाईला दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल घटताना दिसते आणि आपण घरावर भार झालो, असे वाटू लागते. तालमीतल्या पैलवानाला पोटावरचा व्रण आणि उतरलेले वजन सोसवत नाही. केव्हा, काय आणि किती करायचे, याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा डॉक्टरांकडून घेणे, हे येथे नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

संमतिपत्रावर सही करणाऱ्या नातेवाइकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गुंतागुंत झाली तर ‘मीच सही केली’ ही बोचणी त्याला लागते. त्याचीही विचारपूस व्हायला हवी.

बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, रुग्णालयाचा रस्ताही टाळणे, सतत सावध राहणे हे महिन्याहून अधिक टिकले, तर आघातोत्तर ताणविकाराची शक्यता तपासली जाते. दोन आठवडे सलग उदासी राहिल्यासही मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आघातोत्तर ताणविकारावर आघातावर केंद्रित बोधात्मक-वर्तन उपचार, म्हणजे त्या प्रसंगाविषयीचे विचार आणि वागण्याच्या सवयी संवादातून बदलण्याची पद्धत, परिणामकारक आहेत. केंद्र शासनाची २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असते. आत्महत्येचे विचार येत असतील, तर रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.