‘मॅनकाइंड’च्या जागी ‘ह्यूमनकाइंड’: पार्श्वभूमी

सगळ्या माणसांना एकत्र धरून औपचारिक इंग्रजीत लिहायचं असेल तर आज ‘ह्यूमनकाइंड’ हा शब्द वापरतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्या जागी बिनदिक्कत ‘मॅनकाइंड’ येत असे. हा बदल स्त्रीवादी चळवळीने घडवला, असं एका वाक्यात सांगून विषय संपवला जातो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. जुना शब्द सर्वांत चिवटपणे टिकला तो आंतरराष्ट्रीय करारांमध्ये, आणि तिथे तो अजूनही पुरता सुटलेला नाही.

जुना इतिहास थोडक्यातच पुरे. प्राचीन इंग्रजीत ‘मॅन’ म्हणजे माणूस, मग ती बाई असो वा पुरुष. पुरुषासाठी ‘वेर’ असा वेगळा शब्द होता. तो लुप्त झाला, ‘वेअरवुल्फ’मध्ये (लांडगा होणारा माणूस) तेवढा उरला. पुढे ‘मॅन’ पुरुषाचा झाला, पण त्याने जुना अर्थही सोडला नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो. 1611 च्या इंग्रजी बायबलात एका ठिकाणी ‘मॅनकाइंड’ चक्क ‘वुमनकाइंड’च्या विरुद्ध, म्हणजे फक्त पुरुष या अर्थाने आला आहे. 1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तोच शब्द सर्व माणसांसाठी आहे, आणि त्याचं क्रियापद अनेकवचनी आहे. 1848 च्या अमेरिकेतल्या स्त्री-हक्क परिषदेचा जाहीरनामा तर म्हणतो की ‘मॅनकाइंड’चा इतिहास हा ‘मॅन’ने स्त्रीवर वारंवार केलेल्या अन्यायांचा इतिहास आहे. एकाच वाक्यात लांब शब्दात सगळे आले, आखूड शब्दात फक्त पुरुष.

कायद्यात ही संदिग्धता महागात पडली. ब्रिटनमध्ये 1850 च्या कायद्याने पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात असं ठरवलं होतं. तरीही 1867 च्या मताधिकार विधेयकात ‘मॅन’ऐवजी ‘पर्सन’ घालण्याची सूचना 73 विरुद्ध 196 मतांनी पडली, आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने सांगितलं की मताधिकारापुरता ‘मॅन’मध्ये बाईचा समावेश होत नाही. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यात पहिलं कलम ‘ऑल मेन’ने सुरू होणार होतं. भारताच्या महिला प्रतिनिधीने हरकत घेतली आणि ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ अशी सुरुवात झाली. प्रस्तावनेतली सदसद्विवेकबुद्धी मात्र ‘मॅनकाइंड’चीच राहिली आणि पहिल्या कलमाच्या शेवटचा ‘ब्रदरहुड’ही जागचा हलला नाही.

1970 च्या दशकात वाद वर्गात आणि छापखान्यात पोचला. 1973 च्या एका अमेरिकी प्रयोगात विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील प्रकरणांसाठी चित्रं सुचवायला सांगितली होती. शीर्षकात ‘मॅन’ असला की निव्वळ पुरुषांची चित्रं वाढत. ‘मॅन’ सर्वांचाच आहे, हा युक्तिवाद त्यानंतर कमकुवत झाला. प्रकाशकांनी लेखकांसाठी सूचना काढल्या, आणि सतराव्या शतकापासून कोशात पडून असलेला ‘ह्यूमनकाइंड’ कामी आला.

करारांची गोष्ट वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची. 1967 च्या अंतराळ कराराने अंतराळवीरांना ‘मॅनकाइंड’चे दूत म्हटलं. त्याच वर्षी भूमध्य समुद्रातल्या एका छोट्या बेटराष्ट्राच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडलं की राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा सर्वांचा समाईक वारसा मानावा. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात हा विचार ‘कॉमन हेरिटेज ऑफ मॅनकाइंड’ या नावाने आला. तळातल्या खनिजांवरचे हक्क समग्र ‘मॅनकाइंड’कडे सोपवले गेले आणि तिच्या वतीने कारभार पाहायला एक प्राधिकरण नेमलं गेलं. म्हणजे शब्द नुसता भाषणबाजीचा राहिला नाही, मालमत्तेचा धनी झाला. गंमत अशी की या धन्याची व्याख्या करारात नाही.

हवामानाच्या बाबतीत बदल पटकन झाला. 1988 च्या आमसभेच्या ठरावात हवामानबदल ही ‘मॅनकाइंड’ची समाईक चिंता होती. 1992 च्या हवामान करारात ती ‘ह्यूमनकाइंड’ची झाली, त्याच वर्षीच्या जैवविविधता करारातही हाच शब्द आला, आणि 2015 च्या पॅरिस कराराने तोच शब्द ठेवला. चिंतेवर कुणाचा मालकी हक्क नसतो, म्हणून तिथे अडलं नसावं असं मला वाटतं.

समुद्राचं तसं नव्हतं. खुल्या समुद्रातील जैवविविधतेचा करार 2023 मध्ये मंजूर झाला. विकसनशील देशांना समाईक वारशाचं तत्त्व त्यात हवं होतं; प्रयोगशाळा आणि जहाजं ज्यांच्याकडे आहेत त्यांना खुल्या समुद्राचं स्वातंत्र्य प्रिय होतं. अखेर दोन्ही तत्त्वं शेजारी-शेजारी बसवली गेली. वारशाला मात्र ‘कॉमन हेरिटेज ऑफ ह्यूमनकाइंड’ म्हटलं, आणि लगेच पुढे जोडलं की हे तत्त्व 1982 च्या करारात नमूद आहे. त्या करारात या नावाचं तत्त्वच नाही! तिथे ‘मॅनकाइंड’ आहे. काटेकोर वाचणाऱ्याला ही चूक वाटेल. मला ती शहाणी तडजोड वाटते, कारण तत्त्व तेच ठेवायचं आणि नाव सुधारायचं याहून सोपा मार्ग नव्हता. शिवाय अडचण मुळात इंग्रजीचीच. त्याच कराराच्या तितक्याच अधिकृत फ्रेंच आणि स्पॅनिश संहितांत 1982 पासून ‘युमानिते’ आणि ‘उमानिदाद’ आहेत, त्यामुळे तिथे काही बदलावंच लागलं नाही.

मग इंग्रजीनेही ‘ह्युमॅनिटी’ का घेऊ नये? काही ठिकाणी घेतलाच. अमूर्त वारशाच्या 2003 च्या कराराने आपली यादी ‘ह्युमॅनिटी’च्या नावे केली. पण या शब्दात माणुसकीही येते. 1945 च्या युद्धगुन्हे सनदेतला ‘क्राइम्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी’ हा गुन्हा माणुसकीविरुद्ध की मानवजातीविरुद्ध, यावर अजूनही लिहिलं जातं. ‘ह्यूमनकाइंड’ला हा दुसरा अर्थ नाही. 2018 मध्ये एका पंतप्रधानांनी जाहीर सभेत ‘पीपलकाइंड’ सुचवला आणि टीका झाल्यावर तो विनोद होता असं सांगितलं. तो शब्द तिथेच राहिला.

वापरताना ‘ह्यूमनकाइंड’आधी ‘द’ लागत नाही, त्याचं अनेकवचन होत नाही, आणि 1776 मधला अनेकवचनी थाट आता गेल्यामुळे क्रियापद एकवचनी येतं. जुन्या करारातलं कलम उद्धृत करताना मात्र तिथे जो शब्द छापला आहे तोच ठेवावा लागतो.