अ‍ॅम्प दुरुस्तीला आणताना त्याची पॉवर कॉर्डही आणा

"भारी पॉवर कॉर्ड लावली तर आवाज सुधारेल का? टीव्हीचं चित्र खुलेल का?" असं आमच्या दुरुस्तीच्या दुकानात रोज कुणीतरी विचारतं. आणि रोज कुणीतरी अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, आवाज मोठा करणारं मशीन) घेऊन येतं, कॉर्ड म्हणजे त्याची विजेची वायर मात्र टीव्हीमागे लोंबत ठेवून. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, म्हणून हे पत्रक.

गेल्या पावसाळ्यात पावस गावाहून एक काका सबवूफर (खर्जातल्या आवाजाचा स्पीकर) घेऊन तीनदा आले. घरी मधेच कट्-कट् आवाज येऊन बंद पडायचा. आमच्या टेबलावर दिवसभर वाजवला तरी काही होत नव्हतं. कारण टेबलावर त्याला आमची कॉर्ड लागत होती. तिसऱ्या खेपेला त्यांच्या मुलानं कॉर्डही पिशवीत टाकली. मशीनमध्ये घुसणाऱ्या टोकाची तीन भोकं बघितली, तर त्यातलं एक करपून तपकिरी झालेलं, आतली पितळी पट्टी सैल. वायर सोलली तर आत तांब्याचा नुसता मुलामा, खाली ॲल्युमिनियम. कॉर्ड बदलली, दुखणं संपलं. कॉर्ड पहिल्याच खेपेला आणली असती तर काकांच्या दोन फेऱ्या आणि आमचे दोन दिवस वाचले असते.

आता महागड्या कॉर्डबद्दल. साधी ०.७५ चौरस मिलिमीटरची दीड मीटर कॉर्ड घ्या. जाऊन-येऊन तीन मीटर तांबं, त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०८ ओहम. अ‍ॅम्पनं २ अँपिअर ओढले, म्हणजे चांगलाच मोठा आवाज, तरी कॉर्डमध्ये पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. संध्याकाळी गावात २३० चे २०० व्होल्ट होतात, त्यापुढे हे काहीच नाही. शिवाय मीटरपासून सॉकेटपर्यंत भिंतीतून वीस-तीस मीटर साधीच वायर आलेली असते, आणि अ‍ॅम्पच्या आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, कपॅसिटर वीज नव्यानं घडवतात. त्यामुळे शाबूत कॉर्ड काढून हजारोंची कॉर्ड घालायला आम्ही सांगत नाही. खराब कॉर्ड काढून चांगली घालायला मात्र जरूर सांगतो. प्लग कोमट लागत असेल, हलवल्यावर आवाज तुटत असेल, तर वाट बघू नका.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार यांना बहुधा इंग्रजी आठाच्या आकाराची दोन तारांची कॉर्ड येते. मागे चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्या मशीनला अर्थिंगची गरजच नाही. तिथे जाड कॉर्ड शोधत बसू नका.

घूंऽऽ असा सतत आवाज येत असेल तर आधी एक करून बघा. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल टीव्हीची वायर काढा. घूं थांबलं तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे, म्हणजे केबल आणि प्लग अशा दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेलंय. केबलवर छोटा आयसोलेटर (केबलकडची ही वाट तोडणारा भाग) बसवला की भागतं. हा आवाज घालवायला पुष्कळ जण प्लगची वरची जाड पिन कापतात, किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावतात. कृपा करून असं करू नका. आत कधी फेज बॉडीला लागली तर अ‍ॅम्पचा पत्रा जिवंत होतो, आणि घरातली पोरं त्यालाच हात लावतात. कुणी कितीही आग्रह केला तरी आम्ही ती पिन कापून देत नाही. त्यावरून एक-दोन गिऱ्हाइकं रागावली, तरीही नाही.

आपल्या भागात अर्थिंगचा प्रश्न खराच आहे. जांभ्या दगडात ओल टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. जुन्या घरांत तर सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. चाकरमान्यांनी दुबईहून आणलेल्या मशीनला चपट्या तीन पिनांचा प्लग असतो आणि त्यावर लावलेल्या स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये कित्येकदा अर्थिंग पुढे जातच नाही. तो प्लग बदलून घ्या, काम दहा मिनिटांचं आहे. अमेरिकेहून आलेल्या मशीनवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसता प्लग बदलून चालणार नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तसंच लावलेली मशीन जळून आमच्याकडे येतात.

आमच्याकडे १.५ चौरस मिलिमीटर, पूर्ण तांब्याची, आयएसआय खुणेची कॉर्ड लागेल त्या लांबीत बनवून मिळते. टोकांना थिंबल (धातूची छोटी टोपी) दाबून लावतो, अर्थिंग मीटरवर तुमच्यासमोर तपासून देतो. बाजारापेक्षा ती थोडी महाग पडते, पण पट्टी सैल झाली तर वर्षभरात फुकट बदलून देतो. घरी येऊन सॉकेट आणि अर्थिंग तपासण्याचे ३०० रुपये, दुकानात टेबल तपासणीचे १५०. दोष सापडला नाही तरी तपासणीचे पैसे घेतो, कारण वेळ तेवढाच जातो. त्याच भेटीत कॉर्ड घेतली तर ते १५० त्यातून वजा.

निघण्यापूर्वी टीव्हीमागच्या बोर्डाचा मोबाईलवर फोटो काढा. मग कॉर्ड, अ‍ॅडॅप्टर, एक्स्टेंशन, जे जे त्या मशीनला लागलेलं होतं ते सगळं एकाच पिशवीत घाला आणि अ‍ॅम्पबरोबर आणा.