सेशन अडकलंय, किल करूनही जात नाही? सर्व्हरचं बटण दाबू नका

सकाळी मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू आणि पट्टी (सौद्याच्या हिशोबाची पावती) सेव्हच होत नाही. एकामागून एक काउंटर अडकतात. ऑपरेटर अडकलेलं सेशन, म्हणजे काउंटरची डेटाबेसशी चालू असलेली जोडणी, किल करतो (आदेश देऊन तोडतो), तरी यादीत ते तसंच दिसतं. मग कुणीतरी वैतागून सर्व्हर बंद करतं. आमची कळकळीची विनंती आहे, तेवढं करू नका.

तुमच्याकडे नोंदी ठेवायला एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस सॉफ्टवेअर असेल, तर किल केल्यावर अर्धवट नोंदी मागे घेतल्या जातात. यालाच रोलबॅक म्हणतात. चाळीस मिनिटं चाललेलं स्टॉकचं काम मागे घ्यायला तेवढाच, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. किलच्या आदेशात सेशन नंबरनंतर 'विथ स्टेटसओन्ली' लिहिलं की टक्केवारी दिसते. आकडा सरकत असेल तर थांबा. मध्येच मशीन बंद केलं, तर चालू झाल्यावर उरलेलं रोलबॅक करावंच लागतं आणि तोवर सहसा अख्खा डेटाबेस बंद राहतो. टक्केवारी शून्यावरच असेल, तर ते सेशन बऱ्याचदा दुसऱ्या सर्व्हरच्या किंवा बाहेरच्या प्रोग्रामच्या उत्तराची वाट बघत असतं. तिकडचं काम बंद केलं की हे सुटतं.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये रोलबॅक क्षणात होतं. तिथे सेशन जात नसेल, तर डिस्क किंवा नेटवर्क ड्राइव्ह तपासा. सर्व्हर लिनक्सवर चालत असेल, तर 'किल -९' (प्रोग्राम जबरदस्तीने बंद करायचा आदेश) अजिबात देऊ नका. एका सेशनपायी पोस्टग्रेस सगळ्यांनाच बाहेर काढतं.

पावसाळ्यात लाईट गेली की वेगळीच अडचण येते. काउंटरचा पीसी बंद पडतो, सर्व्हर मात्र यूपीएसवर चालू राहतो आणि सेशन जिवंत आहे असंच समजतो. समोरचा पीसी चालू आहे का हे विचारण्याआधी किती थांबायचं, याचं लिनक्सचं मूळ सेटिंग ७२०० सेकंदांचं आहे, म्हणजे दोन तास सर्व्हर साधी चौकशीही करत नाही. तोवर त्या सेशनचं लॉक (नोंदींवर घातलेलं कुलूप) कायम आणि बाकीचे रांगेत. लोक रांगेतलेच किल करत बसतात. अडवणारं सेशन शोधून ते किल करा, ते बहुधा लगेच जातं. हे सेटिंग आम्ही कमी करून देतो. काउंटरलाही छोटा यूपीएस हवाच, हे मात्र आम्ही आग्रहाने सांगू.

फोन करण्याआधी सेशन नंबर, स्टेटस आणि ते कशासाठी थांबलंय हे दिसेल असा स्क्रीनचा फोटो काढा. तोवर पट्ट्या कच्च्या वहीत लिहा. त्या चढवायला आमचा माणूस तुमच्या पेढीवर येऊन बसेल.