मुलावर अत्याचार झालाय, घरी हेळसांड होतेय: सोलापुरात मोफत वकील कसा मिळवायचा

"आधी उत्पन्नाचा दाखला काढून आणा" असं कुणी सांगितलं, तर तहसीलच्या रांगेत उभं राहू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिला आणि मुलांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. मूल 18 वर्षांच्या आतलं असलं की झालं.

पण वकिलाआधी मूल सुरक्षित हवं. 1098 किंवा 112 वर फोन करा. शेजारी, शाळेतल्या बाई, आजी, कुणीही करू शकतं. लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणं हाच पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) गुन्हा आहे, त्यामुळे "आपल्याला काय करायचंय" हे इथं चालत नाही. पोलीस 24 तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे अशा मुलांच्या सुरक्षिततेचा निर्णय घेणाऱ्या समितीला, कळवतात. समितीत अध्यक्ष आणि 4 सदस्य असतात.

अर्ज करायचा जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. पंढरपूर, बार्शीकडच्यांनी आपल्या तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती गाठावी. माहितीसाठी 15100. अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले लोक लिहून घेतात.

खरा पेच पुढे येतो: बापच आरोपी असेल तर अर्जावर सही कोण करणार? अशा वेळी घरच्यांची वाट पाहू नका. मुलाला कायदेशीर मदत मिळवून देणं हे बालकल्याण समितीचंच काम आहे, तिच्याकडे लेखी मागा. आणखी एक गोंधळ नेहमीचा. सरकारी वकील खटला सरकारतर्फे चालवतात. मुलाच्या बाजूने स्वतंत्र वकील देण्याचा हक्क पॉक्सोच्या कलम 40 मध्ये आहे.

कागद फार नाहीत. एफआयआर झाली असेल तर तिची प्रत (फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते), दवाखान्याचे कागद असतील तर ते, आणि वयाचा पुरावा. वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तर वैद्यकीय तपासणी. आधारवरची तारीख या क्रमात येत नाही. बिगारीसाठी गावोगाव फिरणाऱ्या घरात यातलं काहीच नसतं, म्हणून अर्ज अडवून ठेवू नका.

जबाबाची भाषा मात्र जपा. सोलापूर शहराच्या पूर्व भागातली पोर घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडची कन्नड. मराठीत विचारलं की नुसती मान हलवते, आणि कागदावर "होय" उमटतं. कायद्यात दुभाष्याची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी लेखी मागा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. निर्णय 7 दिवसांत व्हायला हवा, आणि आठव्या दिवशी विचारायला जाताना हातात ती पोचच लागते.